न तुटणारा गिअरबॉक्स

"वास घे," लियाकत म्हणाला आणि त्यानं तेलाची पट्टी माझ्या नाकासमोर धरली.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल लालभडक असायला हवं. पट्टीवरचं तेल काळं पडलं होतं आणि त्याला करपलेल्या डाळीसारखा वास येत होता. कळे गावाच्या अलीकडं, एका गुऱ्हाळासमोर माझी कॉन्टेसा उभी होती. इंजिन चालू होतं, झकास गुरगुरत होतं. पण कितीही पाय दाबला तरी चाकांपर्यंत काही पोचत नव्हतं.

"गेला?" मी विचारलं.

"गेला. आतल्या प्लेटा जळाल्या." त्यानं पट्टी फडक्याला पुसली. "तरी बरं, स्पर्धा संपल्यावर गेला. नाहीतर तुझा सत्कार हुकला असता."

हे म्हणताना तो हसला नाही. मागच्या सीटवर शाल, नारळ आणि एक करंडक पडला होता. करंडकावर कोरलं होतं, 'जिद्दीला सलाम'.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मोटारींचं वेड तेव्हाही कोल्हापुरात काही कमी नव्हतं. उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत फाउंड्री. जो पार्ट जगात मिळत नाही तो तिथं करून मिळायचा. माझं शेतीपंपांचं दुकान होतं आणि लियाकत बागवानचं तिथून हाकेच्या अंतरावर गॅरेज. कासारखिंडीच्या घाटात दरवर्षी एक दिवस रस्ता बंद करून स्पर्धा व्हायची. एकेक गाडी खालून सोडायची, वर पोचेपर्यंतचा वेळ मोजायचा. कित्येक वर्षं पहिला मी आणि दुसरा लियाकत, हा क्रम लोकांना पाठ झाला होता. बक्षीस घेऊन खाली उतरलो की तो कानात म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघतो तुला."

मग एका डिसेंबरात, ऊसतोडीचा हंगाम भरात असताना, मोटारसायकलवरून येत होतो. पुढं उसाची ट्रॉली उभी. मागं ना दिवा, ना लाल कापड. माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. जयपूर फूट लावून मी चालायला लागलो, दुकानात बसायला लागलो. पण क्लच काही दाबता येईना. तेव्हा लियाकतनंच माझ्या कॉन्टेसाचा साधा गिअरबॉक्स उतरवून तिला ऑटोमॅटिक बसवला. आता दोनच पेडल, एक पळायचं आणि एक थांबायचं, दोन्ही उजव्या पायाला. अडचण एवढीच होती की कॉन्टेसाच्या पोटात आम्ही आधीच एका मोठ्या जपानी गाडीचं टर्बो इंजिन घातलेलं होतं, आणि मिळालेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता एका छोट्या गाडीचा. बैलाच्या मानेवर ठेवायचं जू शेळीवर ठेवल्यासारखं. "जपून चालव," लियाकतनं तेव्हा बजावलं होतं. मी जपून चालवत होतो.

गुऱ्हाळासमोर त्यानं दोरखंड काढला, माझी गाडी त्याच्या जिप्सीला बांधायला घेतली, आणि मधेच सोडून उभा राहिला.

"जपून चालव म्हटलो होतो मी. मयताला निघाल्यासारखी चालव म्हटलो नव्हतो."

"अरे, गिअरबॉक्स वाचवायला नको?"

"वाचला?"

मी पडलेलं दोरखंडाचं टोक उचललं.

"यादीत खालून दुसरा आलास, धैऱ्या. वळणावर पोरं उसाचं कांडकं खात खात तुला हात करत होती, इतकी हळू गाडी. आणि वर पोचलास तर सगळी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मी पहिला आलो, माझ्याकडं कुत्रं बघेना."

"टाळ्यांचा राग आलाय होय तुला?"

"लोकांनी वाजवल्या त्याचा नाही," तो म्हणाला. "तू घेतल्यास त्याचा."

मग कोल्हापूर येईपर्यंत तो पुढं आणि मी मागं, मधे दोरखंड. बोलायचा प्रश्नच नव्हता.

घरी वैजयंतानं दार उघडलं. माझी बायको, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. तिनं करंडक हातात घेतला, त्यावरची अक्षरं वाचली. पूर्वी माझे करंडक ती पदरानं पुसून शोकेसमध्ये मांडायची. हा तिनं नुसताच टेबलावर ठेवला.

"गाडी कुठाय?"

"लियाकतकडं. गिअरबॉक्स गेला."

"मग आता?"

"आता काय. पडून राहू दे. नाहीतर देऊन टाकू कुणाला तरी."

"तुम्हाला चालेल?"

"चालेल की."

ती स्वयंपाकघरात गेली. मग जेवायला वाढलं. आमटी खारट होती. मी काही बोललो नाही, दोनदा घेतली.

पुढच्या आठवड्यात ती बहिणीकडं ठाण्याला बारशाला गेली. त्याच सुमारास लियाकतच्या गॅरेजलाही कुलूप दिसलं. मला वाटलं, रागावलाय अजून. पण एका सकाळी दुकानासमोर भाजीचा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून लियाकत उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मागचं फळकं त्यानं खाली पाडलं.

"बघ."

कोबीच्या पाल्यात एक गिअरबॉक्स आडवा पडला होता. आधीचा मी दोन्ही हातांनी कवटाळू शकलो असतो. हा पाहिल्यावर मला आधी म्हसराच्या रेडकाची आठवण झाली. बाहेरच्या देशातल्या एका भल्या थोरल्या जीपचा होता म्हणे. जीप अपघातात चेपली, हा तेवढा शाबूत राहिला.

"हा कॉन्टेसात बसणार?"

"बसणार नाही. बसवणार."

"लियाकत, कशाला एवढा खटाटोप? मी काही आता—"

"तुला कुणी विचारलंय?" तो म्हणाला आणि टेम्पोत जाऊन बसला. "गॅरेजला ये. चहा घेऊन ये."

मी चहा घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. हळूहळू दुकान मुनिमावर टाकून दिवसच्या दिवस तिथं बसायला लागलो. गिअरबॉक्स नुसता मोठा नव्हता, लांबही होता. गाडीच्या मधोमध जो बोगदा असतो त्यात तो शिरेना. लियाकतनं बोगद्याचा पत्रा कापला, फुगवून नवा जोडला. गिअरबॉक्स लांब झाला म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट आखूड करावा लागला. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नव्हती, म्हणून दोघांच्या मधे बसायला जाडजूड कडं हवं होतं. ते आम्ही ओतून घेतलं आणि लेथवर उतरवलं. पहिलं कडं केसभर वाकडं निघालं. इंजिन चालू करताच अख्खी गाडी हिवताप आल्यासारखी थरथरायला लागली. सगळं खाली काढून पुन्हा पहिल्यापासून.

मी जमिनीवर बसून नटबोल्ट डिझेलमध्ये धुवायचो. एकदा त्या नादात जयपूर फूट काढून शेजारी ठेवला. एक गिऱ्हाईक आलं आणि लियाकतला म्हणालं, "हा पार्ट कुठल्या गाडीचा हो?" आम्ही दोघं इतके हसलो की तो माणूस घाबरून निघून गेला. अपघातानंतर मी त्या पायावरून पहिल्यांदाच हसलो होतो.

एका दुपारी शाळा सुटल्यावर वैजयंता गॅरेजमध्ये आली. अपघातानंतर तिनं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती गाडीच्या कापलेल्या पोटाकडं वाकून बघत होती.

"एवढं सगळं कापलंत, भाऊ?"

"कापावं लागलं, वहिनी."

"मजबूत होईल ना पण?"

"आता रस्ता तुटेल, पण हा तुटायचा नाही."

तिनं मान हलवली, डबा ठेवला आणि निघून गेली. 

गाडी तयार झाली. एका रविवारी सकाळी आम्ही ती कासारखिंडीच्या पायथ्याला नेली. रस्ता मोकळा होता, करवंदीच्या जाळ्यांवर ऊन आलं होतं. मी स्टिअरिंगवर, लियाकत शेजारी.

"दाब," तो म्हणाला.

मी दाबलं. पहिल्याच क्षणी पाठ सीटला चिकटली. एक गिअर पडला, दुसरा पडला; ना घसरणं, ना वास. पहिलं वळण दिसलं आणि मी पाय उचलला.

"उचलू नकोस."

"अरे, एकदम लोड—"

"गिअरबॉक्सचं नाव आता काढायचं नाही. त्याला काही होत नाही. पुढचं वळण घे."

पुढच्या वळणावरही पाय उचलला गेला. त्याच्या पुढच्यालाही.  खिंडीच्या निम्म्यावर, देवीच्या घुमटीपाशी, मी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

 खाली दरीत कुणीतरी गुरांना हाका मारत होतं.

"काय होतंय?" त्यानं शेवटी विचारलं. आवाज वेगळाच होता.

कुणालाच न सांगितलेलं मी त्याला सांगितलं. "वळण आलं की माझा डावा पाय क्लच दाबतो."

"डावा पाय?"

"नसलेला. मला लागतो तो अजून. बोटंसुद्धा लागतात. वळण दिसलं की तो आपोआप खाली जातो, आणि खाली काहीच नसतं, लियाकत. जिन्याची एक पायरी जास्त आहे समजून अंधारात पाय टाकावा, तसं होतं.  वाटतं, गाडीच सुटली हातातनं. मग मी उजवा उचलतो."

"आणि हे तू गिअरबॉक्सवर ढकलत होतास."

"हो."

त्यानं खिशातून बिडी काढली, न पेटवता बोटांत फिरवत बसला. तो काहीतरी धीराचं बोलेल, म्हणून मी आधीच ओशाळलो होतो. पण तो गाडीतला बिघाड शोधताना करायचा तसा कपाळाला आठ्या घालून विचार करत होता.

"दाबतो तर दाबू दे की त्याला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुझा तो पाय क्लच दाबतोय. दाबू दे. गाडीला काय फरक पडतो? हिला क्लचच नाही, मर्दा."

मी त्याच्याकडं बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"त्याला थांबवायला जातोस म्हणून उजवा उचलला जातो. त्याला त्याचं काम करू दे, तू तुझं कर. चल, काढ गाडी."

मी गाडी काढली. वळण आलं. डावा पाय खाली गेला. मी त्याला जाऊ दिलं. उजवा दाबूनच ठेवला. कॉन्टेसानं ते लांबलचक अंग वळणात टाकलं आणि बाहेर पडताना असा काही जोर लावला की लियाकतची बिडी मागच्या सीटवर उडाली.

"आता ती शोधू नकोस," तो ओरडला. "पुढं बघ!"

वर पोचल्यावर मी दार उघडून उतरलो आणि कठड्यावर डोकं टेकून रडलो. तो गाडीभोवती फिरून, वाकून तेल गळतंय का बघत राहिला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिला.

पुढच्या स्पर्धेला गर्दी तशीच होती. मला बघून लोक मागच्या वर्षीसारखेच प्रेमानं हसले. एका पुढाऱ्यानं पाठीवर हात ठेवला, "भाग घेतलात हेच मोठं." वैजयंता शमीमभाभींबरोबर, म्हणजे लियाकतच्या बायकोबरोबर, वरच्या टोकाला जाऊन बसली होती.

झेंडा पडला आणि मी सुटलो. प्रत्येक वळणाला डावा पाय खाली जात होता आणि मी त्याला म्हणत होतो, दाब बाबा, दाब. घुमटीच्या वळणावर गाडीचं मागचं अंग सुटलं. कठड्याला घासून डाव्या बाजूचा आरसा उडाला. पाय उचलला नाही. शेवटच्या चढाला टर्बोची शीळ अशी लागली की रस्त्याकडेची माणसं मागं सरकताना दिसली.

वर थांबलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे घड्याळवाल्याभोवती गोळा झाले होते आणि वेळ बरोबर आहे का म्हणून त्याच्याशी भांडत होते. तो वेळ तोपर्यंतचा सगळ्यांत कमी होता.

मग लियाकत खालून सुटला. आवाजावरूनच मला कळत होतं, कुठल्या वळणाला आलाय, कितीत आलाय. जिप्सी वर आली, घड्याळवाल्यानं आकडा सांगितला. माझ्यापेक्षा कमी. एका सेकंदाच्या आतला फरक.

लियाकत गाडीतून उतरला नाही, उडीच मारली त्यानं. दोन्ही हात वर करून तो गर्दीतून माझ्याकडं धावत आला. आदल्या वर्षी पहिला आला तेव्हा तो मुकाट्यानं बक्षीस घेऊन खाली उतरला होता. आज गुलाल लावल्यासारखा नाचत होता.

"हरवलं! धैऱ्याला हरवलं! अरे, हरवलं मी याला!"

"झेंडा पडायच्या आधी सुटलास तू," मी म्हणालो.

तो थबकला. "काय म्हणालास?"

"खालून फोन आलाय," मी ठोकून दिलं. "आधी सुटलास."

"कुणाचा फोन? इथं फोन तरी लागतो का? हरल्यावर रडतोस होय रे?"

"रडतोय कोण? खोटेपणा करून जिंकायचं आणि वर नाचायचं!"

त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याची. दोघांना सोडवायला चार माणसं मधे पडली. मघाचा पुढारी "अहो, अहो, त्यांचा पाय" असं काहीतरी म्हणायला लागला, तर लियाकत त्याच्याच अंगावर गेला. "पायाचं काय? तोंड बघा की याचं!" मी तिकडं बघितलं तर वैजयंता शमीमभाभींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती आणि डोळे पुसत होती.

घरी आल्यावर संध्याकाळी माझी आणि वैजयंताची जुंपली. निमित्त आरशाचं. कठड्याला गाडी घासली हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिनं ते गाडी बघून ओळखलं.

"दरी होती त्या बाजूला!" ती म्हणाली.

"कठडा होता."

"कठडा कशाला असतो? दरी असते म्हणूनच असतो ना?"

"मग जाऊच नको म्हण ना. सरळ सांग, गाडी विकून टाका. तुला पहिल्यापासून हे आवडत नव्हतंच."

"मला?" तिचा आवाज चढला. "मला आवडत नव्हतं? तो गिअरबॉक्स कुणी निवडला माहीत आहे तुम्हाला?"

"लियाकतनं."

"मी निवडला."

मी खुर्ची ओढून बसलो.

"ठाण्याला कसलं बारसं नव्हतं. मी, शमीम आणि लियाकतभाऊ कुर्ल्याला गेलो होतो, भंगारवाल्यांकडं. मीच आधी भाऊंच्या घरी गेले होते, म्हटलं, या गाडीचं काहीतरी करा. तिथं दोन मिळाले. एक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. भाऊ म्हणाले, हा बसवायला सोपा, जपून चालवला तर चालून जाईल. मी विचारलं, जपावा न लागणारा कुठला? तेव्हा त्यांनी कोपऱ्यातलं ते धूड दाखवलं. म्हणाले, वहिनी, हा बसवायचा तर गाडी कापावी लागेल. मी म्हटलं, कापा."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? 'चालेल की' म्हणाला असतात! दोन वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत. आमटीत मुद्दाम मूठभर मीठ घातलं, तीसुद्धा दोनदा घेतलीत. घरात पाहुणा येऊन राहावा तसे राहत होतात. पाहुण्याशी किती दिवस संसार करायचा माणसानं?"

तिनं टॉवेलनं डोळे पुसले. मी म्हणालो, "पण मूठभर मीठ म्हणजे फारच झालं, वैजू." त्यावर तिनं हातातला टॉवेल माझ्या तोंडावर फेकला.

त्याला आता पंचवीसपेक्षा जास्त वर्षं होऊन गेली. कासारखिंडीच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं, स्पर्धा बंद पडली. उद्यमनगरात हल्ली नवी पोरं कॉम्प्युटर लावून गाड्या तपासतात. कॉन्टेसा मी एका हौशी डॉक्टरला दिली. त्यांनी इंजिन दोनदा उतरवलं, गिअरबॉक्स अजून उघडावा लागलेला नाही.

त्या सगळ्या वर्षांतलं मला जे पुन्हा पुन्हा आठवतं ते मात्र मी हरलो त्याच्या पुढच्या वर्षीच्या स्पर्धेनंतरचं. त्या वर्षी मी लियाकतला हरवलं. चांगलं, स्वच्छ हरवलं. त्यानं बक्षीस समारंभाला थांबायचंसुद्धा नाकारलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. गॅरेजवरून गेलो की गाडीखाली शिरायचा. शेवटी शमीमभाभींचा निरोप आला, "येऊन समजूत घाला, धड जेवत नाहीये माणूस."

मी गेलो. दार त्यानंच उघडलं. उंबऱ्यात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"तिसऱ्या वळणाला खडी होती," तो म्हणाला.

"मलाही होती."

त्यानं क्षणभर विचार केला आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून शमीमभाभींचं हसू ऐकू आलं. मी बाहेर पायरीवर बसलो. तो पुन्हा दार उघडणार हे मला माहीत होतं, आणि मला काही घाई नव्हती.